हात आखडता घेणारी माती

घर बांधून झालं, मागे चार हात जागा उरली, की बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाच्या माणसाला पहिली आठवण होते काळ्या मातीची. पाया खणताना निघालेला मुरूम बघून त्याचं तोंड वाकडं होतं. ट्रॉलीवाल्याला फोन जातो. तलावातला गाळ येऊन पडतो, त्यावर कुणाच्या तरी गोठ्यातलं शेणखत, बंबातली राख, आणि सगळ्यात वर ठेवणीतला सल्ला: "आता या मातीत कांदा लावा, वर्षभर बाजाराकडे बघायला नको." डिसेंबरात रोप लागतं. फेब्रुवारीत पात गुडघ्याच्या वर जाते. एप्रिलअखेर मुठीत न मावणारे कांदे निघतात आणि शेजारीपाजारी कौतुक करून जातात. मग जूनचा पहिला पाऊस पडतो, पंधरा दिवस जातात आणि पलंगाखालून वास यायला लागतो.

जमीन जितकी कसदार तितका कांदा टिकाऊ, हा या सल्ल्याचा पाया. तो अपुरा असता तर दुरुस्त करून घेता आला असता. तो उलटा आहे. साठवणीच्या कांद्याला माती लागते ती पहिले दोन महिने मोकळ्या हातानं देणारी आणि शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात हात आखडता घेणारी. शेवटपर्यंत वाढतच राहणारी माती मोठा कांदा देते, टिकाऊ कांदा देत नाही.

देऊळगाव राजात याची कसोटी घ्यायला पंचांग पुरेसं आहे. आषाढात कांदेनवमी येते. चातुर्मास पाळणारी घरं त्या दिवशी भजी-थालीपिठं खाऊन कांद्याचा निरोप घेतात. तोवर कुणाचाही कांदा टिकतो, त्यात मोठेपणा नाही. खरी परीक्षा आश्विनातली, गावच्या बालाजीच्या यात्रेच्या दिवसांतली. एप्रिलअखेर काढलेला कांदा तेव्हा पाच-सहा महिन्यांचा झालेला असतो आणि मधला सगळा पावसाळा त्यानं दमट हवेत काढलेला असतो. त्या वेळी टोपलीतला एक बिघडलेला कांदा विळीवर उभा चिरून बघावा. बाहेरचं टरफल कोरडं, ठणठणीत. ते सोललं की खाली काजळी फासल्यासारखी काळी पूड, बोटाला लागणारी. मानेच्या मधोमध पिवळट, पाणचट झालेली एक-दोन पापुद्र्यांची नळी थेट पोटापर्यंत गेलेली. दुसरा कांदा उलटा करून बघितला तर मुळांच्या जागी पांढरट बुरशी आणि अंगठा दाबला की आत जाणारा तळ. रोग शिरला तो या दोन दारांतून, एक मानेचं आणि एक तळाचं. ही दोन्ही दारं पलंगाखाली उघडी पडलेली नसतात. वाफ्यात असतानाच ती नीट बंद झालेली नसतात.

कांद्याचा गड्डा म्हणजे पातीची फुगलेली बुडं. पात नवी फुटायची थांबली की मानेतला गर उतरतो, मान आपोआप मऊ पडून कलते, वाळते आणि वर कागदासारखी गाठ बसते. शेतकरी याला माना पडणं म्हणतात, आणि निम्म्या माना पडल्या की कांदा काढायला घेतात. पण जमिनीत नत्र आणि ओल शिल्लक असेल तर रोपाला थांबायचं काही कारणच उरत नाही. ते मार्चअखेरही नवी पात काढत राहतं. मान अंगठ्याएवढी जाड राहते. मग पाय देऊन माना मोडल्या जातात आणि काम झालं असं मानलं जातं. मोडलेली मान आणि पडलेली मान यांत फरक आहे. मोडलेल्या मानेतला रस आतच राहतो.

यावर पहिला आक्षेप हमखास चाळीचा येतो. कांदा टिकवायचा तर चाळ बांधा, मातीचं काय घेऊन बसलात? चाळ उपयोगाची आहे, यात वाद नाही. खालून दीड-दोन फुटांवर उचललेली, चार फूट रुंदीची, दोन्ही बाजूंनी वारा खेळणारी चाळ महाराष्ट्रात हजारो शेतकऱ्यांनी बांधली, सरकारनं तिला अनुदान दिलं. पण चाळ काय करू शकते? कांद्याला दोनच हवा मानवतात: एकतर शून्य अंशाच्या आसपासची कोरडी थंडी, नाहीतर २५ ते ३० अंशांची ऊब आणि ६५-७० टक्के आर्द्रता. मधल्या तापमानात त्याला कोंब फुटतात. चाळ दुसऱ्या सोयीवर चालते, आणि पावसाळ्यात हवाच ओली झाली की तिच्याही हातात फार काही राहत नाही. बंद मानेचा कांदा ते दिवस काढतो. उघड्या मानेचा काढत नाही, आणि जाताना शेजारच्या चार कांद्यांना घेऊन जातो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र २००२ पासून आहे. तिथल्या किरणांनी कोंब थांबतात, पण आत शिरलेली सड थांबत नाही. एवढं मोठं यंत्र जे करू शकत नाही, ते घरच्या पलंगाखालच्या वाऱ्याकडून कसं होणार?

आता काळ्या मातीकडे. बेसाल्टच्या खडकातून तयार झालेली ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला हाताएवढ्या भेगा पडतात. कपाशीला ती मानवते. कपाशीचं मूळ खोल जातं आणि खालची ओल तिला महिनोन्‌महिने पुरते. कांद्याचं मूळ दोरीसारखं, जवळपास बिनकेसांचं आणि वरच्या वीतभर थरातच पसरणारं. म्हणजे काळ्या मातीचा जो गुण कपाशीला तारतो, तोच कांद्याला नडतो. काढणीच्या आधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडावं, हा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबरही आहे. पण पाणी तोडलं म्हणजे नळ बंद केला, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. भारी काळ्या मातीत नळ बंद करून पंधरा दिवस झाले तरी वीतभर खाली हात घातला की माती थंड आणि चिकट लागते. कांद्याच्या दृष्टीनं पाणी तुटलेलंच नसतं. वर मात्र भेगा पडतात, मुळं तटातट तुटतात आणि भेगेतून गड्ड्याला ऊन लागतं. उपटताना चिकटलेल्या मातीबरोबर टरफल सोलून निघतं. टरफल फाटलेला कांदा साठवणं म्हणजे कवच फुटलेलं अंडं जपण्यासारखं आहे.

गाळाबद्दल तर बोलायलाच हवं, कारण बुलढाणा जिल्ह्यात गाळाला चांगलं नाव मिळालं आहे आणि ते रास्तही आहे. राज्य सरकारनं २०१७ मध्ये गाळमुक्त धरण आणि गाळयुक्त शिवार योजना आणली. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेच्या यंत्रांनी जिल्ह्यातल्या तलावांचा गाळ उपसला आणि तो शेतकऱ्यांनी आपापल्या वावरात नेला. जिथे टाचभर मातीखाली मुरूम लागतो, पाणी दिलं की तासात नाहीसं होतं, तिथे हा गाळ खरोखर उपकारक ठरतो. योजनेचा हेतूही हलक्या जमिनी सुधारण्याचाच. पण हलक्या जमिनीचं औषध भारी जमिनीला दिलं की ते विष होतं. खडकपूर्णेच्या काठची, संत चोखासागर धरणाच्या लाभक्षेत्रातली माती आधीच खोल आणि चिवट. तिच्यावर आणखी चिकणमातीचा थर देणं म्हणजे धष्टपुष्ट माणसाला टॉनिक पाजणं. आणि गंमत अशी, की ज्या मुरमाला घरमालक नाक मुरडतो, त्या मुरमाड जमिनीत दोन-तीन हिस्से माती, एक हिस्सा गाळ आणि कुजलेलं खत मिसळलं तर साठवणीच्या कांद्याला याहून चांगली जागा मिळणं अवघड आहे. तिथे पाणी तोडलं की ते खरंच तुटतं.

आपली जागा कोणत्या बाजूची आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. दिवाळीच्या सुमारास वाफ्याच्या जागी फूटभर खोल खड्डा खणावा. संध्याकाळी तो पाण्यानं भरावा, जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. सकाळी तळाला पाणी दिसलं तर तिथे सपाट वाफा करू नये. मातीचा ओला गोळा तळहातावर वळून त्याची सुतळीएवढी वळी करावी. ती न तुटता कड्यासारखी वाकली तर माती भारी, हे पक्कं.

भारी मातीवर उपाय आहेत, आणि ते राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयानं कधीचे सांगून ठेवलेत: रुंद गादीवाफा. वर १२० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच आणि दोन गाद्यांमध्ये ४५ सेंटिमीटरची सरी. घरामागे मोजपट्टी लावायची नसेल तर चार फूट रुंद आणि वीतभर उंच, एवढं पुरे. तळाची वीत वर आली की कांद्याचं बूड पाण्यात बसत नाही. इथे रोटाव्हेटरच्या भक्तांना दुखवावं लागेल. रोटाव्हेटर फिरला की माती मैद्यासारखी होते आणि फोटोत छान दिसते. पण ओलसर काळ्या मातीत तो चार-सहा इंचांखाली घट्ट थर दाबून ठेवतो. वरचा मैदा पहिल्या पाण्यानं बसतो, त्यावर पापडी धरते, आणि पाणी त्या दाबलेल्या थरावर साचतं. मूळकुजीला याहून चांगली खाट कोण घालून देणार? वाफसा आल्यावर नांगर किंवा कुदळ, ढेकळं उन्हात तापू देणं, मग वखराच्या पाळ्या. ज्वारीच्या दाण्याएवढी रवाळ माती कांद्याला पुरते.

शेणखताबद्दल बोलताना आवाज जपावा लागतो. सध्या शेणाविरुद्ध ब्र काढणं धोक्याचं. पण सेंद्रिय कांदा सडत नाही, हे विधान जसंच्या तसं स्वीकारता येणार नाही. शेणातलं नत्र हेही नत्रच, फक्त ते आपल्या सवडीनं सुटतं. हिवाळ्याच्या थंडीत ते निजून राहतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन तापली की जोरात सुटतं. नेमकं तेव्हा, जेव्हा कांद्यानं पात थांबवून गड्डा भरायचा असतो. युरिया देणारा निदान हात थांबवू शकतो. डिसेंबरात घातलेलं अर्धकच्चं शेण मार्चमध्ये परत काढून घेता येत नाही. त्यात हुमणीच्या अळ्या आणि हराळी-लव्हाळ्याचं बी येतं ते वेगळंच. शेणखत हवंच, पण ते पूर्ण कुजलेलं, चहाच्या भुकटीसारखं, वास न येणारं, आणि मोजून. हेक्टरी २० ते २५ टनांचा हिशेब घरच्या वाफ्यावर आणला तर चार फूट बाय पंचवीस फुटांच्या गादीला साधारण १९ ते २३ किलो होतात. दोन पाट्या कमी पडल्या तर बिघडत नाही. दहा जास्त पडल्या तर बिघडतं.

याच गादीचा बाकी हिशेब सरळ आहे. कृषी विद्यापीठांच्या शिफारशी रब्बी कांद्याला हेक्टरी साधारण १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश आणि ४५-५० किलो गंधक अशा आहेत. शंभर चौरस फुटांना नत्रासाठी सगळा मिळून २०० ग्रॅम युरिया लागतो. निम्मा लावणीला, उरलेला ३० आणि ४५ दिवसांनी दोन हप्त्यांत. शेणखत चांगलं असेल तर याहूनही कमी. पंचेचाळीस दिवसांनंतर युरियाच्या पिशवीचं तोंड बांधून ती माळ्यावर टाकावी. "पण कांदा फुगला पाहिजे ना," असं म्हणणाऱ्याला उत्तर एकच: साठ दिवसांनंतर दिलेला युरिया कांदा फुगवतो तो पाण्यानं. जोड कांदे, जाड माना आणि जुलैतला वास ही त्याच युरियाची पावती.

जिथे हात आखडता घ्यायचा नाही, ती गोष्ट मात्र नेमकी विसरली जाते: गंधक. डोळ्यांत पाणी आणणारा कांद्याचा झोंबरेपणा गंधकाच्या संयुगांतून येतो. पूर्वी सिंगल सुपर फॉस्फेटबरोबर ११-१२ टक्के गंधक आपोआप जमिनीत जायचं. डीएपी आणि युरियाची जोडी घरोघरी आली आणि ते बंद झालं, कारण त्या दोघांत गंधक नाही. शंभर चौरस फुटांना पावकिलोहून थोडं जास्त सुपर फॉस्फेट आणि ९० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश घातलं की स्फुरद, पालाश आणि गंधक तिन्हींची सोय एका फेरीत होते. नुसतं मूलद्रव्य गंधक घालायचं असेल तर ते लावणीआधी महिनाभर मातीत मिसळलेलं बरं. जिवाणूंनी त्याचं रूपांतर केल्यावरच ते मुळांना मिळतं.

गंधक नसलं की काय होतं ते अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात बघावं. तिथल्या टूम्ब्स परगण्यात १९३१ साली एका शेतकऱ्याला आपला कांदा तिखट न लागता गोड लागतो असं आढळलं. कारण सापडलं ते गंधकानं गरीब अशा रेताड मातीत, आणि पुढे त्याला साजेशा वाणांत. विडालिया नावानं तो कांदा इतका गाजला, की १९८६ मध्ये राज्यानं कायदा करून त्या नावाचा हक्क ठरावीक परगण्यांपुरता राखला. सफरचंदासारखा चावून खाता येणारा हा कांदा मात्र साठवायचा तर हवेतला प्राणवायू कमी केलेली शीतगृहं लागतात. देऊळगाव राजातल्या पलंगाखाली तो महिनाही काढणार नाही. गोड कांद्याचं कौतुक करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की टिकाऊ कांदा रडवतोच.

राहिली राख. राख घाला, कांदा टणक होतो, हा सल्ला कोकणातल्या आंबट मातीत कदाचित शोभेल. इथली माती आधीच चुनखडीयुक्त, सामू बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास. कांद्याला मानवतो तो साडेसहा ते साडेसात. राखेनं तो आणखी वर चढतो आणि जस्त, लोह असून नसल्यासारखे होतात. पात पिवळी पडते, मग पिवळी पडली म्हणून पुन्हा युरिया पडतो. चुन्याचंही तेच. राख भांडी घासायला ठेवावी.

या भागात चुकीचा सल्ला इतका मुरण्यामागे एक प्रामाणिक कारणही आहे. जालन्यात १९६४ साली महिको उभी राहिली, त्या भोवती बियाण्यांचा व्यवसाय वाढला, आणि देऊळगाव राजा-सिंदखेड राजा पट्ट्यात शेडनेटमधलं भाजीपाला बीजोत्पादन आणि उघड्यावरचं कांदा बीजोत्पादन हे अनेक घरांचं पोटापाण्याचं साधन झालं. बियाण्याच्या कांद्याचं गणित निराळं असतं. तिथे डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, निघणं हेच पीक. त्याला फुलोऱ्यापासून दाणा भरेपर्यंत ओल लागते, जमिनीत जोर लागतो, आणि गड्डा शेवटी सडला तरी कुणी रडत नाही. ज्या हातांनी वर्षानुवर्षं डेंगळा वाढवला, ते हात घरच्या वाफ्यातही तसेच चालतात. खायच्या कांद्याच्या वाफ्यात डेंगळा दिसला की तो तोटा आहे, हे मन मानतं, हात मानत नाही. शेतकरी अडाणी आहे म्हणून हे होत नाही, तो दुसऱ्या पिकात तरबेज आहे म्हणून होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: टिकणं वाणात असतं, मातीत नसतं. अर्धं मान्य. खरिपाचा लाल कांदा कितीही आदर्श मातीत लावला तरी महिना-दीड महिन्यापलीकडे जात नाही. निफाडचा एन-२-४-१, राजगुरुनगरचे भीमा किरण आणि भीमा शक्ती, राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानाचा ॲग्रीफाउंड लाइट रेड ही रब्बीची वाणं पाच-सहा महिन्यांची ऐपत घेऊनच येतात. पण ऐपत ही वरची मर्यादा आहे, हमी नाही. एकाच पुडीतलं रोप दोन भावांच्या वाफ्यात लागतं आणि एकाचा कांदा पोळ्यापर्यंत, दुसऱ्याचा दिवाळीपर्यंत जातो, तेव्हा फरक पुडीत नसतो. शिवाय कांद्यावर कांदा, लसणावर कांदा लावत गेलं की मूळकुजीची बुरशी त्याच मातीत वर्षानुवर्षं घर करून राहते. सोयाबीननंतरची, निदान दोन-तीन वर्षांत कांदा-लसूण न पाहिलेली जागा निवडणं हा मशागतीचाच भाग आहे, आणि त्याला दमडी लागत नाही.

तिसरा आक्षेप बाजाराचा. एप्रिलमध्ये कांदा मातीमोल मिळतो, मग शंभर फुटांसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण भाव एप्रिलवर थांबत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं निर्यातबंदी घातली ती मे २०२४ मध्ये उठली, त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावलं होतं. दर साली कांद्याच्या भावावरून दिल्ली हलते ती एप्रिलमध्ये नाही, आश्विन-कार्तिकात, जुना कांदा संपत आलेला आणि नवा यायचा असतो तेव्हा. शंभर चौरस फुटांत १५ बाय १० सेंटिमीटरवर सहाशेच्या आसपास रोपं बसतात. सत्तर ग्रॅमचा मध्यम कांदा धरला तरी चाळीस किलो. कांदा टिकतो ते पाच-सहा महिने चौघांच्या घराला सहज पुरेल. मुठीत न मावणाऱ्या कांद्याचे साठ किलो काढून त्यातले तीस उकिरड्यावर टाकणाऱ्याच्या हिशेबापेक्षा हा हिशेब बरा आहे.

तरीही ज्यांना काळ्या मातीची बाजू सोडवत नाही, त्यांनी येत्या हिवाळ्यात एक गादी मधोमध तोडावी. अर्ध्या भागात गाळ, हवं तेवढं शेण आणि मार्चपर्यंत युरिया. अर्ध्या भागात मुरूममिश्रित माती, मोजकं कुजलेलं खत, गंधक आणि पंचेचाळीस दिवसांनंतर काही नाही. रोप एकाच पुडीतलं, पाणी एकाच दिवशी तोडलेलं. काढल्यावर तीन-चार दिवस पातीसकट वावरातच, एकाच्या पातीनं दुसऱ्याचा गड्डा झाकून. मग बोटाच्या पेराएवढी मान ठेवून पात कापायची, दहा-बारा दिवस सावलीत सुकवायचं आणि दोन वेगळ्या टोपल्यांत भरायचं. टोपल्यांवर खडूनं खूण करावी, म्हणजे नंतर वाद नको. बालाजीच्या यात्रेला पाहुणे आले की दोन्ही टोपल्या पलंगाखालून ओढाव्यात आणि त्यांच्यासमोरच कांदे मोजावेत.